कर्सर कशाला चिकटतो: स्नॅपिंग आणि अलाइनमेंटची पार्श्वभूमी

नागपुरात महाल, इतवारी, गांधीबाग भागातल्या छापखान्यांत लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि संत्रा बर्फीच्या बॉक्सची कितीतरी आर्टवर्क कोरल ड्रॉ या आर्टवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतात. तिथे स्नॅपचे, म्हणजे कर्सर जवळच्या बिंदूला किंवा रेषेला आपोआप चिकटण्याचे, सगळे पर्याय एकदम चालू ठेवलेले दिसतात, नाहीतर वैतागून सगळेच बंद केलेले. दोन्हीमध्ये नुकसान आहे. ते का, हे ही सोय कोणत्या क्रमाने आली ते पाहिले की उलगडते.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या छपाईच्या काळात ओळ सरळ राहावी म्हणून वेगळे काही करावे लागत नसे. जुळारी स्टिकमध्ये खिळे लावायचा, दोन ओळींत शिशाच्या पट्ट्या घालायचा आणि चौकटीत फर्मा कसला की धातूच ओळ धरून ठेवायचा. फिल्मवरून प्लेट करून छापणारे ऑफसेट आले आणि ही पकड सुटली. मजकुराचे तुकडे कापून कागदावर चिकटवताना टी-स्क्वेअर, गुण्या आणि फिकट निळी पेन्सिल एवढाच आधार उरला. ती निळी रेघ फिल्मवर उमटत नसे, म्हणून खोडायची गरज पडत नसे. सॉफ्टवेअरमधली गाइडलाइन हेच काम करते: दिसते, पण छापली जात नाही.

संगणकाच्या बाजूने सुरुवात १९६३ची. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत आयव्हन सदरलँड यांनी टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड हा प्रोग्राम केला. पडद्यावर लाइट पेनने चित्र काढायचे होते, पण त्या पेनचे टोक हवे त्या बिंदूवर नेमके टेकवणे हाताला जमण्यासारखे नव्हते. म्हणून पेन एखाद्या बिंदूच्या किंवा रेषेच्या जवळ आले की प्रोग्राम पेनची जागा न धरता त्या बिंदूची किंवा रेषेवरची जागा धरायचा. स्नॅपचे मूळ तत्त्व एवढेच आहे, आणि ते पहिल्याच प्रयत्नात पूर्ण सापडले होते याचे आजही कौतुक वाटते. पुढचा सगळा प्रवास कर्सरने कशाकशाला चिकटावे, या प्रश्नाचा आहे.

१९८२ साली आलेल्या ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरने ग्रिड (चौकड्यांची जाळी) आणि ऑब्जेक्ट स्नॅप ड्राफ्ट्समनच्या रोजच्या कामात आणले: रेषेचे टोक, मध्यबिंदू, छेदनबिंदू, वर्तुळाचे केंद्र, लंब, स्पर्शरेषा. नकाशात या जागा आधीच असतात, पत्रिकेच्या मांडणीत बऱ्याचदा नसतात. ती उणीव १९८६मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या एरिक बियर आणि मॉरीन स्टोन यांच्या स्नॅप-ड्रॅगिंग या पद्धतीने भरून काढली. त्यांनी पट्टी-कंपासची रीत संगणकात आणली. ठरावीक कोनातल्या रेषा आणि ठरावीक त्रिज्येची वर्तुळे तात्पुरती उभी राहायची आणि कर्सर त्यांच्याकडे ओढला जायचा. चित्रे काढायचे सॉफ्टवेअर इलस्ट्रेटर १९८७मध्ये आणि कोरल ड्रॉ १९८९मध्ये आले, पण तात्पुरत्या रेषा त्यांच्यात यायला वेळ लागला. इलस्ट्रेटर ८मध्ये १९९८ साली स्मार्ट गाइड आले, कोरल ड्रॉ १२मध्ये २००४ साली डायनॅमिक गाइड. २००३मध्ये सोडीपोडी या प्रोग्राममधून वेगळ्या झालेल्या इंकस्केप या सॉफ्टवेअरने २०२२च्या १.२ आवृत्तीत स्नॅपचा मेनू नव्याने मांडला आणि शेजारच्या वस्तूंशी कडा जुळवणे व समान अंतर राखणे हेही स्नॅपमध्ये घेतले.

प्रत्येक टप्प्याने चिकटण्याच्या जागा वाढवल्या, आधीच्या कोणी काढल्या नाहीत. नोड (आकाराच्या रेषेवरचे बिंदू), कड, केंद्र, ग्रिड, गाइड, बेसलाइन (अक्षरांच्या तळाची रेघ) सगळे चालू असेल तर गुंतागुंतीच्या बॉर्डरवर कर्सरभोवती डझनभर उमेदवार असतात आणि हवा त्याच्या शेजारचाच पकडला जातो. शिवाय पकडीचे अंतर, म्हणजे किती जवळ आल्यावर कर्सर चिकटावा ते, पडद्याच्या पिक्सेलमध्ये मोजले जाते. समजा ते १० पिक्सेल आहे. १०० टक्के झूमवर, इंचाला ९६ पिक्सेल धरून, ते सुमारे २.६ मिमी होते. ४०० टक्क्यांवर ०.६६ मिमी. म्हणून चुकीच्या जागी चिकटत असेल तर आधी झूम वाढवावे. कामागणिक दोन-तीनच पर्याय चालू ठेवणे उत्तम: शीटवर कार्डे लावताना नोड आणि गाइड, लोगो काढताना नोड, केंद्र आणि छेदनबिंदू. इंकस्केपमध्ये ओढताना शिफ्ट धरली की तेवढ्यापुरता स्नॅप थांबतो.

सगळे बंद ठेवले तर काय होते ते कार्डाच्या शीटवर दिसते. ३.५ × २ इंचाची २४ कार्डे १२ × १८ इंचाच्या शीटवर ३ स्तंभ आणि ८ ओळींत बसतात. नजरेने लावताना दर ओळीमागे ०.२ मिमी फट राहिली तर आठवी ओळ १.४ मिमी सरकते, आणि कटिंग मशीन मात्र ५०.८ मिमीच्याच टप्प्यांनी कापत जाते. वरची कार्डे ठीक निघतात, खालच्यांचा मजकूर कडेला जातो. इथे नोडला नोड चिकटवावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डीने स्टेप अँड रिपीट (ठरावीक अंतराने प्रती काढणे) उघडून ५०.८ हा आकडाच द्यावा.

अलाइनमेंटमध्ये, म्हणजे वस्तू एका रांगेत जुळवताना, दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, संदर्भ कोणता. कोरलमध्ये शिफ्ट धरून एकेक वस्तू निवडली तर शेवटी निवडलेली जागेवर राहते आणि बाकीच्या तिच्याकडे सरकतात. दुसरी, कड कुठली. इंकस्केपमध्ये व्हिज्युअल बाउंडिंग बॉक्स (वस्तूभोवतीची अदृश्य चौकट) रेषेची जाडी धरून मोजतो, जॉमेट्रिक बॉक्स ती सोडून. १ मिमी जाडीची चौकट आणि बिनरेषेचा चौकोन यांच्या कडा यामुळे अर्ध्या मिलिमीटरने चुकतात. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम यूज प्रिव्ह्यू बाउंड्स या पर्यायाकडे आहे.

मराठी मजकुराला सर्वांत जास्त त्रास इथेच होतो. ‘विदर्भ’मध्ये वेलांटी आणि रफार शिरोरेघेच्या वर जातात, ‘नागपूर’मध्ये वर काहीच नाही, उकार मात्र खाली लोंबतो. दोन्ही शब्दांच्या बॉक्सच्या वरच्या कडा जुळवल्या तर ‘विदर्भ’ची शिरोरेघ खाली उतरते, खालच्या कडा जुळवल्या तर ‘नागपूर’ वर उचलला जातो. सॉफ्टवेअरच्या मोजमापात दोन्ही वेळा सगळे बरोबर असते. फॉन्ट आणि आकार एकच असेल तर बेसलाइनवर जुळवावे. कोरलच्या अलाइन अँड डिस्ट्रिब्यूटमध्ये मजकुरासाठी पहिल्या ओळीची बेसलाइन निवडता येते, इंकस्केपच्या त्याच डायलॉगमध्ये बेसलाइनचे वेगळे बटण आहे. आकार वेगवेगळे असतील तर शिरोरेघेवर गाइड टाकून तिला चिकटवावे. हे सारे मजकूर कर्व्हमध्ये बदलण्याआधी उरकावे. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह केल्यावर अक्षरांचे नुसते आकार उरतात, बेसलाइन राहत नाही, आणि पुढची प्रत्येक जुळवणी पुन्हा वेलांटी-उकारांच्या टोकांवरून होते.