खाऱ्या पाण्याचे आणि गोड्या पाण्याचे गळसाहित्य: रॉड, रील आणि दोरी निवडताना

मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात 4000 या आकार-क्रमांकाची दोन स्पिनिंग रील (गळाची दोरी सोडण्या-गुंडाळण्याची चक्रे) शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात. आकार तोच, दोरी गुंडाळायचे स्पूल तेवढेच, हातात घेतल्यावर वजनही फारसे वेगळे जाणवत नाही, पण किमतीत मात्र दुपटी-तिपटीचे अंतर असते. महागाचे रील ‘समुद्रासाठी’ आहे असे सांगितले जाते आणि नवा ग्राहक त्याचा अर्थ ‘जास्त ताकदीचे’ असा घेतो. हा अर्थ पुरता चूक नसला तरी अपुरा आहे, आणि गळसाहित्याच्या निवडीत पैसा वाया जाण्याचे मोठे कारण हाच अपुरा अर्थ आहे. साहित्यावर किती भार येणार हा एक प्रश्न आहे. त्याला मीठ लागणार की नाही हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा वेगवेगळी येतात.

धरणाच्या फुगवट्यात पाणवनस्पतींच्या दाटीत राहणारी मरळ घ्या. पाणी गोडे आणि मासा मध्यम आकाराचा असतो, तरीही गळाला लागताच ती वेलींच्या गुंत्यात शिरते, म्हणून तिला तिथल्या तिथे उचलून बाहेर काढणारा ताठ रॉड आणि जाड ब्रेडेड (अनेक बारीक धागे विणून केलेली) दोरी लागते. उलट कोकणातल्या एखाद्या जेट्टीवर बसून बोय गरवणाऱ्याला हलकी काठी, बारीक दोरी आणि लहान गळ पुरतो. मात्र त्याचे रील रोज खाऱ्या तुषारांत भिजते. पहिल्याला ताकद हवी, मीठरोधक बांधणी नको. दुसऱ्याला मीठरोधक बांधणी हवी, ताकद नको. खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर, उभे राहून जिताडा किंवा तांबोशी धरू पाहणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि तलावाच्या काठावर कणकेचा गोळा लावून रोहूची वाट पाहणाऱ्याला दोन्हींतले काहीच विशेष लागत नाही.

मीठ रीलचे नेमके काय करते, हे समजले की किमतीतल्या फरकाचा उलगडा होतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला मोठा वाटा क्लोराइडचा असतो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील या धातूंवर ऑक्साइडचा जो पातळ संरक्षक थर असतो, त्याला क्लोराइड जागोजागी भेदते आणि तिथे बारीक खड्डे पडू लागतात. शिवाय रीलमध्ये ॲल्युमिनियमचे अंग, पितळी दंतचक्रे आणि स्टीलचे स्क्रू एकमेकांना टेकलेले असतात. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे अशा दोन भिन्न धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू, बहुधा ॲल्युमिनियम, झिजत जातो. पाणी सुकले तरी काम थांबत नाही, कारण मागे राहिलेले मिठाचे कण कोकणातल्या दमट हवेतून पुन्हा ओलावा ओढून घेतात.

म्हणून समुद्री रीलमध्ये किंमत जाते ती बेअरिंग, ड्रॅग (दोरीचा ताण सांभाळणारा ब्रेक) आणि रोलर (दोरी ज्यावरून वळते ते छोटे चाक) यांच्याभोवतीच्या रबरी सीलला, गंजाला दाद न देणाऱ्या बेअरिंगला आणि ॲनोडाइज केलेल्या (ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेल्या) अंगाला. ही माहिती खोक्यावरच्या ‘10+1 बेअरिंग’ अशा आकड्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. माझ्या मते खाऱ्या पाण्यासाठी चार चांगली झाकलेली बेअरिंग दहा उघड्या बेअरिंगपेक्षा अधिक उपयोगाची असतात, कारण प्रत्येक उघडे बेअरिंग म्हणजे गंज धरण्याची आणखी एक जागा. ग्राफाइटच्या किंवा तत्सम प्लास्टिकच्या अंगाचे रील गंजत नाही हे खरे. परंतु मोठा मासा ओढू लागला की स्वस्त रीलचे असे अंग किंचित पिळले जाते, दंतचक्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि हात जड फिरू लागतो. हलक्या मासेमारीत हा दोष जाणवणारही नाही; खडपावर तो पहिल्याच मोठ्या माशाला उघडा पडतो.

ड्रॅग म्हणजे ठरावीक ताण ओलांडला की स्पूलला घसरू देणारी आणि त्यामुळे दोरी तुटू न देणारी ब्रेकसारखी रचना. तो दोरीच्या तुटण्याच्या भाराच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. 12 किलोच्या दोरीला 3 ते 4 किलोचा ड्रॅग पुरतो, आणि तो अंदाजाने न लावता स्प्रिंगच्या वजनकाट्याला दोरी बांधून मोजावा. कटला किंवा चिलापी धरताना ड्रॅगची परीक्षा सहसा होत नाही. समुद्रात मात्र मासा एका दमात पन्नास-साठ मीटर दोरी घेऊन जाऊ शकतो, आणि त्या वेळी ड्रॅगच्या चकत्या तापतात. तेलात भिजवलेल्या फेल्टच्या चकत्यांपेक्षा कार्बन फायबरच्या चकत्या ही उष्णता चांगली सोसतात आणि झटके न देता सरकतात. ‘कमाल ड्रॅग 15 किलो’ ही जाहिरात त्यामानाने दुय्यम आहे, कारण खडपावर उभे राहून 15 किलोचा ताण हातांनी पेलणे फार थोड्यांना जमते.

रॉडच्या बाबतीत फरक मुख्यतः काठाचा आहे. धरणाच्या किंवा नदीच्या काठावर 6 ते 7 फुटांचा रॉड सोयीचा पडतो, कारण फेक लांब नसते आणि आजूबाजूला झाडेही असतात. खडपावरून फेकताना दोरी पुढच्या धारदार खडकांपासून उंच धरावी लागते, म्हणून 8 ते 10 फूट लांबी हवी. पुळणीवर उभे राहून लाटा फुटतात त्या रेघेपलीकडे शिसे टाकायचे असेल तर 12 ते 14 फुटांचा रॉड घ्यावा लागतो. रॉडवर छापलेली फेकण्याच्या वजनाची मर्यादा पाहणे हे लांबी पाहण्याइतकेच आवश्यक आहे. 10 ते 30 ग्रॅमसाठी बनवलेल्या रॉडने 100 ग्रॅमचे शिसे फेकल्यास तो माशामुळे नव्हे, फेकतानाच मोडतो. दोरी ज्या कड्यांतून जाते त्यांची चौकट चांगल्या स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची असावी, कारण समुद्रावर नेलेल्या साध्या रॉडचा पहिला गंज या कड्यांच्या पायापाशी, ती रॉडला बांधणाऱ्या धाग्याखाली दिसतो. कड्याच्या आतील सिरॅमिकच्या रिंगला तडा गेला असेल तर ब्रेडेड दोरी तिथेच कातरली जाते. कापसाचा बोळा आतून फिरवला की तो तड्यात अडकतो आणि दोष लगेच कळतो. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात तो उभा धरू नये.

दोरीच्या निवडीत खारे-गोडे हा भेद जवळजवळ गळून पडतो आणि तळ कसा आहे हा प्रश्न पुढे येतो. नायलॉनची तंगूस ताणली की बरीच लांबते. हा गुण तलावातल्या माशाचे झटके सोसतो, पण लांबवर टाकलेल्या गळाचा हलका चावा बोटांपर्यंत पोचू देत नाही. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणत नाही आणि त्याच ताकदीला कितीतरी बारीक असते, म्हणून त्याच स्पूलवर ती अधिक मावते. परंतु ताणलेली ब्रेडेड दोरी कालवांनी भरलेल्या खडकाला नुसती घासली तरी तुटते. म्हणून पुढे मीटर-दीड मीटर जाड नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर जोडतात. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते आणि हेकरू गळ लागताच कपारीत शिरतो. दोघांसाठी हा लीडर अनिवार्य समजावा. सुरमईचे दात असा लीडरही कापतात, तिथे पोलादी तारेचा छोटा तुकडा लागतो.

गोड्या पाण्यातला महासीर मात्र या साऱ्या ठोकताळ्यांच्या बाहेर उभा आहे. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशातल्या दातांनी तो शिंपले फोडतो आणि कमकुवत गळ वाकवून टाकतो. वाहत्या पाण्यात, खडकाळ तळावर त्याची पहिली धाव समुद्री माशाच्या तोडीची असते. त्यामुळे त्याच्यासाठी भक्कम गळ, जाड लीडर आणि भरपूर दोरी मावणारे रील लागते. देहू-आळंदीला इंद्रायणीत आणि महाडजवळ वाळण कोंडीत लोकांनी श्रद्धेने या माशाला अभय दिले आहे. अशा ठिकाणी गळ टाकण्याचा विचारही करू नये, आणि इतरत्र टोकाजवळचा उलटा काटा नसलेला गळ वापरावा व मासा लागला तर पाण्यातच ठेवून सोडून द्यावा.

शिशाचे वजन पाण्याच्या ओढीवर ठरते. संथ तलावात तरंगणीखाली 5 ग्रॅमही पुरतात. खाडीच्या तोंडाशी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला 80 ग्रॅमचे शिसेही वाहून जाते आणि तिथेच भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असलेल्या, दिवसांत त्याच्या निम्म्याने काम भागते. गळांमध्ये तपकिरी मुलाम्याचे गळ गोड्या पाण्यासाठी ठीक, समुद्रासाठी कथिलाचा किंवा निकेलचा मुलामा असलेले घ्यावेत. संपूर्ण स्टेनलेसचा गळ टिकतो म्हणून मोह होतो, पण दोरी तुटून तो माशाच्या तोंडात राहिला तर तिथेही तसाच टिकतो. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असते. ती सोडून द्यावी असे मला मनापासून वाटते, आणि सोडायची तर जबड्याच्या कोपऱ्यात अडकणारा सर्कल गळ वापरणे हिताचे.

गोंधळ सर्वांत जास्त होतो तो खाडीत. पाणी निमखारे, काठावर कांदळवन, फेक जवळची आणि मासे पुष्कळदा मध्यम, त्यामुळे तलावाचे साहित्य नेले जाते आणि ते वापरताना काही बिघडतही नाही. पण निमखारे पाणीही रीलच्या दृष्टीने खारेच असते. खाडीसाठी लांबी आणि वजन तलावाचे, बांधणी समुद्राची, अशी निवड करावी. ज्यांना एकाच संचात दोन्हीकडे जायचे आहे त्यांनीही समुद्री बांधणीचाच मार्ग धरावा: 8 फुटांचा, 15 ते 40 ग्रॅम फेकणारा रॉड, सीलबंद 4000 चे रील आणि दोन स्पूल, एकावर तंगूस आणि दुसऱ्यावर ब्रेडेड दोरी. समुद्री रील धरणावर नेल्याने त्याचे काही बिघडत नाही, उलट प्रकार महागात पडतो. धरणावर जाण्यापूर्वी तिथले मासेमारीचे हक्क कोणत्या सहकारी संस्थेकडे आहेत हे विचारून परवानगी घ्यावी.

समुद्रावरून परतल्यावर ड्रॅग घट्ट करून रील नळाच्या मंद धारेखाली धुवावे. जोरदार फवारा मीठ सीलच्या आत ढकलतो. ब्रेडेड दोरी खारे पाणी धरून ठेवते, म्हणून स्पूल काढून ते दहा मिनिटे गोड्या पाण्यात बुडवावे, रॉडची कडी पुसावीत आणि सारे सावलीत वाळवावे. वाळल्यावर ड्रॅग सैल करावा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत, आणि रोलरवर तेलाचा एक थेंब सोडावा. वापरलेले गळ कोरड्या डबीत वेगळे ठेवावेत, कारण एक ओला गळ डब्यातल्या सगळ्या नव्या गळांना गंज लावतो.