सोलापुरात घर घेताना-विकताना: इसाराआधी पाहायचे कागद, नोंदणी आणि नंतरची कामं

इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी एक गोष्ट बघा: समोर बसलेल्या माणसाचं नाव त्या घराच्या कागदाला लागलंय का?

साखर पेठ, पाच्छा पेठ, भवानी पेठ, मंगळवार पेठ या भागांतली बरीच घरं अजूनही आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. राहतो नातू, मिळकत कर भरतो काका, लाइट बिल येतं आजीच्या नावानं, आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव दोन पिढ्यांआधीचं. बहुतेकदा यात कुणाची लबाडी नसते. कुणी गेलं की दिवसकार्य होतं, कागदाचं राहून जातं. घर विकायला काढलं की मात्र ते वर येतं. तोवर घेणाऱ्याचा इसार गेलेला असतो, विकणाऱ्यानं त्या भरवशावर दुसरीकडे इसार दिलेला असतो, आणि दोन्ही घरांत रोज तणतण सुरू होते. व्यवहारातला निम्मा ताण क्रम चुकल्यामुळे येतो. म्हणून इथे क्रमानं सांगतो.

कोण विकू शकतं, कोण घेऊ शकतं

विकणारा सज्ञान, म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेला, शुद्धीत असलेला आणि त्या मिळकतीत हक्क असलेला हवा. घेणाऱ्यावर राहत्या घरासाठी शेतकरी असण्याची अट नाही. ती शेतजमिनीला लागते. हिंदू कुटुंबातल्या अल्पवयीन मुलाच्या स्वतःच्या नावे हिस्सा असेल तर आईवडिलांची सही पुरत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. मुलं लहान असताना वडील गेले, अशा घरांत हा मुद्दा हमखास निघतो आणि त्याला वेळ लागतो.

विकणारा सुरत, भिवंडी किंवा हैदराबादला असेल तर मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीनं सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, व्यवहार होतो. ते नोंदणीकृत असावं. मुख्य म्हणजे, करून देणारा हयात आहे ना, याची खात्री स्वतः फोनवर बोलून करा. साधारणपणे मालक गेला की मुखत्यारपत्रही संपतं.

घर कुठे आहे, त्यावर कागद ठरतो

गावठाणात आणि पेठांत सिटी सर्व्हे झालेला आहे. तिथला मुख्य कागद प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका. ती नगर भूमापन कार्यालयातून मिळते, महाभूलेखच्या संकेतस्थळावरही पाहता येते. तिच्यावरची नावं, क्षेत्र आणि बोजा हे तिन्ही वाचा. बँकेचं, पतसंस्थेचं कर्ज तिथे नोंदलेलं असू शकतं.

१९९२ साली शहराची हद्द वाढली. जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगी, बाळे अशा हद्दवाढ भागात अनेक जागांचा कागद अजून सातबाराच आहे, आणि त्यावर मजरेवाडी, कसबे सोलापूर अशी मूळ गावांची नावं दिसतात. इथे सातबाऱ्यासोबत बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना आणि वापर परवाना मागा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, तेव्हा विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं दिसलं तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जागा विकता येत नाही.

शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवर घर असेल तर जास्त सावध राहा. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना ती वाट मिळाली. 'गुंठेवारी होऊन जाईल' हे बोलणं आणि महापालिकेचं नियमितीकरण प्रमाणपत्र यांत फार अंतर आहे. प्रमाणपत्र हातात नसेल तर माझ्या मते पूर्ण रक्कम देऊ नये.

जुनं घर पाडून नवं बांधायच्या विचारानं घेत असाल आणि ते भुईकोट किल्ल्याच्या आसपास असेल, तर आधी अंतर मोजून घ्या. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. होटगी रोडच्या विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीला मर्यादा आहे. हे कळायची वेळ खरेदीच्या आधीची आहे.

कुंभारीतल्या विडी कामगारांच्या वसाहती आणि रे नगरसारख्या सरकारी योजनांतली घरं मात्र साध्या घरासारखी विकता-घेता येत नाहीत. आधी वाटपपत्रातल्या अटी वाचा. तिथे नोटरी करून घर 'घेणाऱ्याच्या' हाती मालकी येत नाही. पैसे अडकतात ते हातावर पोट असलेल्या माणसाचे, आणि याचंच मला सर्वांत वाईट वाटतं.

फ्लॅट असेल तर बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करारनामे, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात), सोसायटी असल्यास शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला बघा. हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीत सोसायटीला २५,००० रुपयांहून जास्त प्रीमियम मागता येत नाही. 'विकास निधी' म्हणून लाखभर मागितले तर तो नियम दाखवा. नवीन प्रकल्पात महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील तर त्या प्रकल्पाला ही नोंदणी लागत नाही. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

वारस नोंद आणि बहिणींच्या सह्या

मालक गेलेला असेल तर खरेदीखताचा विचार वारस नोंदीनंतर. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रं आणि अर्ज लागतो; प्रॉपर्टी कार्डासाठी तो नगर भूमापन कार्यालयात द्यायचा, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं असं कायदा सांगतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण काम वाढतं. वाद असेल किंवा बँक अडून बसली तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो.

२००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. लग्न कधीही झालेलं असो. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, आणि हवा असेल तर तो तिला द्यावा. 'ताई काही बोलणार नाही' म्हणून तिचं नाव वगळून केलेल्या अर्जांचे पुढे दावे होतात. घेणाऱ्यानं प्रत्येक वारसाला प्रत्यक्ष भेटावं. सगळे वारस एकाच दिवशी सहीला येत नसतील तर कारण विचारावं.

नावांचा घोळ इथे जास्त आहे. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी येतं, शाळेच्या दाखल्यावर क्रम बदलतो, आधारवर तिसरंच स्पेलिंग. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतही असंच होतं. फरक किरकोळ असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र चालून जातं. मोठा असेल तर राजपत्रात बदल करून आधार आणि पॅन सारखं करून घ्या. हे काम इसाराआधी सुरू करावं.

शोध, जाहीर नोटीस, इसार

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुने दस्त शोधता येतात, पण आपल्याकडच्या ऑनलाइन नोंदी साधारण २००२ पासूनच्या आहेत. त्याआधीचं वकिलाला कार्यालयात जाऊन शोधावं लागतं. मागच्या ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. बँकाही तोच मागतात. सोबत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवा. हा खर्च वाचवू नका, कारण दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. मिळकत कराची पावतीही मालकीचा पुरावा नाही.

इसारपावतीत मुदत, उरलेली रक्कम, कर्ज नामंजूर झालं तर इसार परत मिळणार का, भाडेकरू कोण काढणार आणि थकबाकी कोण भरणार हे लिहून घ्या. रोख २०,००० किंवा त्याहून जास्त घेऊ-देऊ नका; दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा. चेक किंवा आरटीजीएसनं दिलेला पैसा पुढे खरेदीखतात क्रमांकासकट लिहिता येतो.

खर्चाचा हिशेब

सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का, म्हणजे ६ टक्के. पुण्यासारखा मेट्रोचा अधिभार इथे नाही. करारातली किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत, दोन्हींत जी जास्त तिच्यावर शुल्क लागतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

समजा जुळे सोलापुरातला फ्लॅट ४२ लाखांना ठरला आणि तक्त्यानुसार तो ३८ लाखांचा आहे. शुल्क ४२ लाखांवर लागेल: २,५२,००० रुपये मुद्रांक आणि ३०,००० नोंदणी फी. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावे असेल तर राहत्या घरावर १ टक्का सूट आहे, म्हणजे २,१०,०००. पतीचं नाव जोडलं की सूट जाते. मी तर म्हणेन, सूट नसती तरी घर बाईच्या नावावर असावं. वाईट वेळ आली तर तिच्या डोक्यावर छप्पर राहतं.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर, रकमेतून कापून भरायचा असतो. विकणारा परदेशात राहणारा असेल तर कपातीचे दर वेगळे आणि बरेच जास्त आहेत, तिथे सीए गाठा.

नोंदणीचा दिवस

मसुदा आठवडाभर आधी दोन्ही बाजूंनी वाचलेला असावा. सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि नावांची अक्षरं प्रॉपर्टी कार्डाशी ओळीनं ताडून बघा. शुल्क ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर ई-चलनानं भरता येतं. दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरून वेळ आरक्षित करता येते. जाताना मूळ आधार, पॅन, साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं, आधीच्या दस्ताची सूची दोन, ताजं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि मिळकत कराची पावती जवळ ठेवा. फोटो आणि अंगठे तिथेच होतात. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो, पुढचे चार महिने दंडासह मिळतात.

सोलापुरात एक काळजी जास्त घ्यावी लागते. सही करणाऱ्या आजी-आजोबांना मराठी वाचता येत नसेल तर सगळा दस्त त्यांच्या भाषेत, तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत, समजावून सांगा. तसं सांगितल्याचा उल्लेख दस्तात करा. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून कार्यालयात न्यायची गरज नाही. अर्ज आणि फी भरल्यावर अधिकारी घरी येऊन सही घेऊ शकतो, ही तरतूद नोंदणी कायद्यातच आहे.

विकणाऱ्यांसाठी

घरावर कर्ज असेल तर आधी बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या. घेणाऱ्याची बँक ती रक्कम थेट तुमच्या बँकेत भरते. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो आणि त्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे. दोन्ही हिशेब करून बघा. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सवलत मिळते. एक वर्ष आधी घेतलेलं घरही चालतं.

ताबा आणि नावं

ताबा पावती लेखी घ्या, किल्ल्या मोजून घ्या. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार होऊन तुमचं नाव लागलं का ते स्वतः तपासा. दस्त नोंदला की नाव आपोआप लागतं असं समजून लोक थांबतात आणि पुढच्या विक्रीला तिथेच अडतात. महापालिकेच्या मिळकत कर विभागात आणि महावितरणकडे नाव बदलण्याचे अर्ज सूची दोनची प्रत लावून द्या. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेटवर नोंद करून घ्या.

नळाचं मात्र व्यवहार ठरवतानाच विचारा. पाणी किती दिवसांआड येतं, कोणत्या वेळेला, नळजोड अधिकृत आहे का आणि पाणीपट्टी भरलेली आहे का, हे शेजारच्या बाईंना विचारलं तर खरं उत्तर मिळेल. जोड अधिकृत नसेल तर तो विकणाऱ्याच्या खर्चानं नियमित करून देण्याचं कलम इसारपावतीतच टाका.