इंटरनेट कॉलिंगमधील मानके आणि परस्परसुसंगती

इंटरनेटवरून होणाऱ्या व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलसाठी आखलेले तांत्रिक नियम, आणि त्यांच्या आधारे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे व ॲप एकमेकांशी कितपत बोलू शकतात, हा या नोंदीचा विषय आहे. साध्या टेलिफोनवर हा प्रश्न ग्राहकाला पडत नाही. सांगलीतल्या लँडलाइनवरून न्यू जर्सीतला कोणत्याही कंपनीचा मोबाइल लागतो. व्हॉट्सॲपवरून ॲपलच्या फेसटाइमवर मात्र कॉल लावता येत नाही. तंत्रज्ञानात काही उणीव असेल, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात आवाज आणि चित्र वाहून नेण्याची पद्धत १९९६ पासून बहुतेकांची एकच आहे. भांडण राहिले ते कॉल लावायचा कसा यावर, आणि त्याहूनही जास्त, पलीकडचा माणूस कोणाच्या वहीत नोंदलेला आहे यावर.

कॉल सुरू होताना आधी पलीकडच्याला शोधून घंटी वाजवावी लागते. याला सिग्नलिंग म्हणतात. मग आवाज व चित्र आकुंचित करून त्यांचे आकडे बनवावे लागतात. ते काम कोडेकचे. हे आकडे लहान पाकिटांतून वेळेवर पोचवण्यासाठी जानेवारी १९९६ मध्ये आरटीपी हा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला. पुढच्या लढायांतल्या जवळजवळ सर्व पक्षांनी तो मुकाट्याने स्वीकारला. कोडेकमध्येही एक सामायिक तळ होता. १९७२ चे जी.७११ हे टेलिफोन एक्स्चेंजमधले मानक सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि ६४ किलोबिट वेग वापरते. आजही दोन अनोळखी उपकरणांचे दुसऱ्या कशावर जमले नाही, तर ती यावर येऊन थांबतात.

एच.३२३ विरुद्ध सिप

१९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याने फक्त तेच सॉफ्टवेअर असलेल्या दुसऱ्या संगणकाशी बोलता येई. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आयटीयू या दूरसंचार संघटनेने एच.३२३ हे मानक मंजूर केले. ते टेलिफोनवाल्यांच्या घरातले अपत्य होते. कॉल जोडण्याचे संदेश त्यांनी आयएसडीएनच्या, म्हणजे डिजिटल टेलिफोन जाळ्याच्या, पद्धतीवर बेतले आणि ते द्विमान सांकेतिक रूपात ठेवले. पहिल्या आवृत्तीत एक जोडणी घंटीसाठी आणि दुसरी कोडेक ठरवण्यासाठी लागे, त्यामुळे बोलणे सुरू व्हायला वेळ जाई. तरी व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोल्यांमध्ये एच.३२३ चांगलेच रुजले. मायक्रोसॉफ्टच्या नेटमीटिंग या कॉलिंग सॉफ्टवेअरनेही तेच वापरले.

इंटरनेटवाल्यांची आयईटीएफ ही संस्था दुसऱ्या वाटेने गेली. हेनिंग शुल्झरिन, मार्क हँडली, ईव्ह स्कूलर आणि जोनाथन रोझेनबर्ग यांनी मार्च १९९९ मध्ये सिप हे सिग्नलिंगचे मानक प्रसिद्ध केले. त्याचे संदेश वेबपानांच्या मागणीसारखे साध्या अक्षरांत असत आणि पत्ता ईमेलसारखा. एखादा अभियंता पडद्यावर संदेश वाचून बिघाड शोधू शके. सिपच्या यशात या सोयीचा वाटा मोठा असावा, असे म्हणायला जागा आहे. शिवाय ईमेलप्रमाणेच कोणत्याही संस्थेच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कोणत्याही संस्थेत कॉल जावा, अशी त्यात मुळापासून सोय होती.

सिप जिंकले, पण साधे राहिले नाही. २००२ ची सुधारित आवृत्ती २६९ पानांची होती. तिच्यावर इतकी जोडपत्रे चढली, की २००९ मध्ये या कागदपत्रांत वाट दाखवणारी स्वतंत्र मार्गदर्शिका काढावी लागली. ‘आमचे यंत्र सिप चालवते’ असे दोन कंपन्यांनी सांगूनही कॉल बिघडू शके. बँकेच्या यंत्राने ‘मराठीसाठी २ दाबा’ म्हटल्यावर दाबलेला आकडा तीन तऱ्हांनी पाठवता येतो: आवाजातच सूर म्हणून, आरटीपीच्या वेगळ्या पाकिटातून, किंवा सिपच्या संदेशातून. एक बाजू पहिल्याची आणि दुसरी तिसऱ्याची वाट पाहत बसली, की आकडा पोचतच नाही.

त्याहून चिवट दुखणे राउटरचे. घरातल्या किंवा कचेरीतल्या राउटरमागच्या उपकरणाला बाहेरून न दिसणारा खासगी पत्ता असतो. सिपचा संदेश ‘आवाज इथे पाठव’ म्हणून तोच पत्ता लिहून देतो. पलीकडचे यंत्र आज्ञाधारकपणे तिकडे पाकिटे सोडते आणि ती हरवतात. घंटी वाजते, कॉल उचलला जातो, आणि मग एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. यावर स्टन (आपला बाहेरून दिसणारा पत्ता विचारून घेणे), टर्न (मधल्या सर्व्हरमार्फत पाकिटे पोचवणे) आणि दोघांना एकत्र वापरणारे आइस असे उपाय निघाले, पण आइसचे मानक पक्के व्हायला २०१० उजाडले. तोवर मानके सोडून गेलेल्यांनी बाजार जिंकला होता.

बंद दारांचे यश

ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या स्काइपने राउटरचा अडथळा स्वतःच्या गुप्त प्रोटोकॉलने ओलांडला. ज्यांचे संगणक उघड्या जाळ्यावर होते, अशा वापरकर्त्यांकडूनच इतरांचे कॉल पुढे ढकलले जात. घरच्या माणसाला काहीही जुळवावे लागत नसे. मानकांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सहजता नव्हती, हे त्यांच्या कैवाऱ्यांनीही मान्य करायला हवे. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज डॉलरना स्काइप घेतले. युरोपीय आयोगाने या खरेदीला मान्यता देताना परस्परसुसंगतीची अट घालायला हवी होती, असे म्हणत सिस्को ही नेटवर्क उपकरणांची कंपनी न्यायालयात गेली. डिसेंबर २०१३ मध्ये तिचा दावा फेटाळला गेला. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले आणि वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टच्याच टीम्सकडे वळवण्यात आले.

उघडी दारेही पुढे बंद झाली. गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या मानकावर उभे राहिले आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरशी संदेश देऊ-घेऊ लागले. २०१३ मध्ये हँगआउट्स आले, त्यात ती देवघेव नव्हती. फेसटाइमची गोष्ट याहून बोलकी आहे. जून २०१० मध्ये ते जाहीर करताना स्टीव्ह जॉब्ज यांनी ते खुले मानक करण्याचे आश्वासन दिले होते. आतली यंत्रणा सिप, आरटीपी, आइस यांचीच होती. पुढे व्हर्नेटएक्स कंपनीचा पेटंट खटला ॲपलला जड गेला, आणि आश्वासन मागे पडण्याचे एक कारण म्हणून त्याकडे बोट दाखवले जाते. ॲन्ड्रॉइड आणि विंडोजवाल्यांना ब्राउझरमधल्या दुव्यावरून फेसटाइममध्ये शिरता आले ते २०२१ मध्ये, तेही आयफोनवाल्याने बोलावले तरच.

वेबआरटीसी

ब्राउझरमध्येच कॉलची यंत्रणा बसवण्याचा हा प्रकल्प गूगलने २०११ मध्ये खुला केला. त्यासाठीचे तंत्र तिने आदल्या वर्षी ग्लोबल आयपी सोल्यूशन्स ही कंपनी घेऊन मिळवले होते. आवाजासाठी २०१२ मध्ये मानक झालेल्या ओपस कोडेकवर विशेष वाद झाला नाही. चित्राच्या कोडेकवर मात्र दोन वर्षांहून अधिक काळ जुंपली. गूगलला स्वतःचे, शुल्क नसलेले व्हीपी८ हवे होते. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांचा कल एच.२६४ कडे होता. ते आधीपासून सर्वत्र होते, पण त्यावर पेटंटचे शुल्क लागे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सिस्कोने एच.२६४ ची तयार प्रत शुल्क स्वतः भरून फुकट वाटायची तयारी दाखवली. तरी पुढच्या महिन्यातल्या आयईटीएफच्या बैठकीत एकमत झाले नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्राउझरनी दोन्ही चालवावेत असे ठरले. हे ‘दोघांचेही खरे’ उत्तर ओशाळवाणे वाटेल, पण टिकले. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २६ जानेवारी २०२१ रोजी वेबआरटीसीला अंतिम मान्यता दिली.

या मानकात सिग्नलिंग मात्र मुद्दाम मोकळे सोडले आहे. कॉल कसा लावायचा, नावे कुठे ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यामुळे आज कितीतरी सेवा आतून एकाच यंत्रणेवर चालतात आणि तरी एकमेकींना ओळखत नाहीत. जिथे गाठ घालावीच लागते, तिथे मध्ये गेटवे बसवतात. मिरजेला नॅरोगेजच्या गाडीतले सामान उतरवून ब्रॉडगेजच्या गाडीत चढवत, तसे ते एका बाजूची पाकिटे उघडून दुसऱ्या बाजूच्या कोडेकमध्ये पुन्हा भरते. यात वेळ आणि पैसा जातो, आणि टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन मध्येच उघडते.

सक्तीचा मार्ग

टेलिफोनची जाळी आपखुशीने जोडली गेलेली नाहीत. तिथे पंच आहे. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची व्होल्टे, म्हणजे फोरजी डेटावरून बोलण्याची, सेवा सुरू झाली. तिच्या आतले कॉल सिपवरच चालतात. इतर कंपन्या पुरेशा जोडण्या देत नसल्याने कॉल लागत नाहीत, अशी जिओची तक्रार होती. ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबरमध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. याच देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, तेव्हा संगणकावरून परदेशी फोन लावता येई, पण देशातला फोन लावायला बंदी होती. परवान्यात बदल होऊन ती अडचण दूर व्हायला २०१८ उजाडले. म्हणजे जोडणी लादणारी आणि रोखणारी, दोन्ही ताकद सरकारकडेच होती. व्हॉट्सॲपसारख्या सेवांना दुसऱ्यांशी जोडून घेण्याचे असे कोणतेही बंधन इथे नाही.

युरोपीय संघाने ते घातले आहे. डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली ६ सप्टेंबर २०२३ रोजी मेटाच्या व्हॉट्सॲप व मेसेंजरवर परस्परसुसंगतीची सक्ती आली. मागणी करणाऱ्या दुसऱ्या सेवेसाठी आधी दोघांतले संदेश, दोन वर्षांत गटसंदेश आणि चार वर्षांत व्हॉइस व व्हिडिओ कॉल खुले करायचे आहेत, म्हणजे कॉलची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत. कूटलेखन कमकुवत होता कामा नये, अशी अट असल्याने मधले गेटवे इथे चालणार नाही; दोन्ही टोकांना कूटलेखन उलगडणाऱ्या गुप्त किल्ल्यांची एकच पद्धत मान्य करावी लागेल. आयईटीएफचे जुलै २०२३ चे एमएलएस हे मानक गटातल्या किल्ल्यांपुरते तयार आहे. ॲपलचे आयमेसेज मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले.