एए मीटिंग : शोधायची कुठे, जायचं कसं

एए मीटिंग म्हणजे दारू सोडायची आहे किंवा सुटलेली टिकवायची आहे अशा लोकांची तास-दीड तासाची बैठक. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. फी नाही, हजेरीपट नाही, डॉक्टर-काउन्सेलर पण नाही, आणि तिथे जायला एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे. सुटलेली असायला पाहिजे असं नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, ते 'आधी चार दिवस कोरडा राहतो मग जातो' म्हणत वर्ष काढतात.

सुरुवात 1935 साली अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात झाली. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथे गेला, काम फसलं, हॉटेलात एकटा, हातात पैसे नाहीत, एका बाजूला बारमधला गलका आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून तेव्हा त्याला काही महिनेच झाले होते. त्याने तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला घेतले, कारण त्याला बोलायला दुसरा दारुडा पाहिजे होता. असा सापडला डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही म्हणून आलेला हा गृहस्थ कित्येक तास बसला. त्याने शेवटची घेतली 10 जून 1935 ला, आणि तोच एएचा वाढदिवस मानतात. भारतात एए 1957 मध्ये आलं, देशाचं मुख्य ऑफिस मुंबईत आहे.

आता शोधायचं. रस्त्यावर मोठा बोर्ड सहसा दिसणार नाही, कारण स्वतःची जाहिरात करायची नाही आणि सभासदाचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा नियमच आहे. एए इंडियाच्या वेबसाइटवर गाव, वार, वेळ मिळते, हेल्पलाइनवर उचलणारा माणूस बहुतेक स्वतःच त्यातून गेलेला असतो. मुंबई-पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, गोव्यात कोंकणी, म्हणून भाषा आधीच विचारून घ्या, स्वतःची लाज स्वतःच्या भाषेतच नीट सांगता येते. आणि निघायच्या आधी एक फोन कराच. जागा म्हणजे शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, परीक्षा आली, मतदान केंद्र पडलं की मीटिंग दुसरीकडे, आणि नवा माणूस बंद गेट बघून परत फिरला की तो पुन्हा येईलच असं नाही. ओपन मीटिंगला कोणीही बसू शकतं, बायको, आई, मित्र, क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. गावात ग्रुपच नसेल तर ऑनलाइन मीटिंग चालतात.

आत काय होतं? चौथीच्या वर्गाचा बाक, गुडघे मावत नाहीत, फळ्यावर सकाळचे पाढे तसेच, त्याच्यावर बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा टप्प्यांचं, बॅनर सुतळीने अडकवलेलं. एकेक जण उठतो, 'मी अमुक, मी अल्कोहोलिक', सगळे नमस्कार करतात किंवा हाय म्हणतात, मग तो शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगतो. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नव्याने बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं नाव सांगून बसलं तरी चालतं. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, भाडं आणि चहा त्यातूनच, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत.

आपल्याकडचं एक खास सोंग म्हणजे श्रावण. गटारीला पोटभर घ्यायची, मग श्रावण पाळायचा, गणपती गेले की परत चालू, आणि वर 'महिनाभर सोडतो की, मी कुठला बेवडा' हा पुरावा. मीटिंगमध्ये हे कोणी सांगितलं की लोक हसतात, कारण बहुतेकांनी हेच केलेलं असतं. तिथे हिशोब महिन्याचा नाहीच, फक्त आजचा दिवस. स्लिप झाली, म्हणजे मध्येच परत प्यायली, तरी दार बंद होत नाही, मोजणी परत पहिल्या दिवसापासून. जुने लोक नव्याला चिठ्ठीवर दोन-चार नंबर देतात, सांगतात की ग्लास भरायच्या आधी फोन कर, नंतर नको.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळं, पिणारा येवो न येवो, त्यांनी जायला हरकत नाही. पुण्याचं मुक्तांगण, 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, हे एए नाही, ते व्यसनमुक्ती केंद्र, तिथे ॲडमिट होऊन उपचार असतात, पण बाहेर पडल्यावर फॉलोअप मीटिंगा आणि बायकांसाठी सहचरी गट आहेत. केंद्रातून सुटलेला माणूस पुढे एएला जातो हे नेहमीचंच.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या हातात नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर थरथर, भास, फिट येऊ शकते, पहिल्या तीन-चार दिवसांत जिवावर बेततं, म्हणून अशाने आधी डॉक्टर गाठायचा. सरकारी हेल्पलाइन 14446, टोल फ्री आहे.