अन्ननकार : स्वमग्न मुलांसाठीचा वर्तनोपचार

काही स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले व किशोर ठरावीक दोन-चार पदार्थांपलीकडे काहीच खात नाहीत. नवा पदार्थ समोर आला की तोंड फिरवतात, ताट ढकलतात, ओकारी काढतात. जेवणाच्या वेळची ही वागणूक पायरीपायरीने बदलणे, हा या उपचाराचा गाभा. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केलेल्या स्वमग्नतेच्या मूळ वर्णनातही काही मुलांच्या खाण्याच्या तक्रारी आहेत.

कोकणात हे मूल बहुधा ‘नखरेल’ ठरते. ते उकड्या तांदळाची पेज खाते, पण रेशनच्या तांदळाची वासावरून ओळखते आणि वाटी सरकवते. एखाद्याला फक्त तळलेला ताजा बांगडा चालतो. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद झाली की घराची पंचाईत होते, कारण सुक्या बांगड्याचा वास त्याला सोसत नाही. ‘भूक लागली की खाईल झक मारून’ हा शेजारचा सल्ला इथे घातक ठरू शकतो; अशी काही मुले खरोखरच उपाशी राहतात. वजन ठीक असूनही आतून कमतरता असू शकते. क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येणे, पाय दुखून मूल लंगडणे असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. परसात आवळा-पेरू असलेल्या घरात हे पटणे कठीण जाते.

म्हणून आधी डॉक्टरांनी बद्धकोष्ठता, छातीतली जळजळ, दातदुखी, गिळण्याची अडचण तपासावी. मग नकार कशामुळे टिकतो ते पाहतात. बहुतेकदा रडले की ताट उचलले जाते, वर आजी बिस्किटाचा पुडा काढून देते. म्हणजे नकाराचा उपयोग होतो.

उपचारात घास लहान करतात. कुळथाची पिठी भाताच्या एका शिताएवढी चमच्याच्या टोकावर, ती तोंडात गेली की लगेच आवडत्या पेजेचा घोट आणि कौतुक. हे सहज जमू लागल्यावरच मात्रा वाढते. दुसरी रीत मिसळण्याची : पांढऱ्या घावनाच्या पिठात चिमूटभर नाचणी, पुढे थोडी जास्त. हे चोरून करू नये. पकडले गेल्यास घावनही सुटते.

नकार दिला तरी चमचा न हटवण्याची ‘पलायन-विलोपन’ पद्धत परिणामकारक मानली जाते, पण सुरुवातीला रडणे वाढते. ती प्रशिक्षित चमूनेच वापरावी. जबडा धरून भरवणे हा उपचार नव्हे. अनेक स्वमग्न प्रौढांचा अशा सक्तीला तीव्र आक्षेप आहे, आणि तो डावलण्याजोगा नाही. किशोरांच्या बाबतीत तर कोणता पदार्थ आधी घ्यायचा, हे त्यांनीच ठरवलेले बरे. स्वतः आंबोळी घालणारा मुलगा ती चाखण्याची शक्यता अधिक.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तपासणी व जिल्हा पातळीवर पुढील उपचारासाठी पाठवण्याची सोय आहे. मात्र खाण्याच्या वर्तनावर काम करणारे तज्ज्ञ मोजकेच, त्यामुळे बराचसा भार घरावर पडतो. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळला नाही, तर आठवड्यांची मेहनत वाया जाते. गणपतीत चाकरमानी आले की हे हमखास घडते : प्रत्येक जण ‘एक तरी मोदक खा रे’ म्हणत पुढे येतो. त्या दिवसांत नवा पदार्थ सुरू न करता मुलाला नेहमीच्या जागी, नेहमीच्या वाटीत पेज द्यावी आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.