अमेझॉन स्त्रियांनी स्तन कापलेच नव्हते
अमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या स्त्रिया. धनुष्य नीट ओढता यावं म्हणून त्या उजवा स्तन कापत, ही गोष्ट शब्दाच्या ओढाताणीतून जन्मली. ग्रीकांनी या परक्या नावाची फोड ‘अ’ म्हणजे विना, ‘माझोस’ म्हणजे स्तन अशी केली. पण त्यांच्याच कलशांवर या योद्ध्या दोन्ही स्तनांसह दिसतात! आजच्या तिरंदाज मुलींनाही स्तनाची अडचण होत नाही. दोरी कपड्यात अडकू नये म्हणून छातीवर साधं कवच बांधलं की पुरतं.

खऱ्या लढवय्या स्त्रिया सिथियन या गवताळ प्रदेशातल्या प्राचीन घोडेस्वार भटक्यांत होत्या. रशियात व्होरोनेझजवळ देवित्सा इथे २०१९ मध्ये चौघींचं दफन सापडलं. धाकटी १२-१३ वर्षांची, थोरली ४५-५० ची. सोबत ३० हून अधिक लोखंडी बाणाग्रं आणि भाले. टीव्ही मालिकांत दिसतं तसं अमेझॉनांचं पुरुषांविना राज्य मात्र कुठेच नाही. सिथियन दफनभूमींत पुरुषही आहेत.