चिंच (खान्देश)

चिंच हा शिंबावंत कुलातील दीर्घायुषी वृक्ष. शास्त्रीय नाव टॅमॅरिंडस इंडिका. मूळचा आफ्रिकेतला असला तरी भारतात तो फार जुन्या काळापासून रुजला आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत शेताच्या बांधावर, गावठाणात आणि जुन्या रस्त्यांच्या कडेला तो दिसतो. अहिराणीत त्याला ‘चिच’ म्हणतात. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा या गावाच्या नावातही चिंच आहे. खोल मुळांमुळे तापी खोऱ्यातला कडक उन्हाळा हे झाड सहज सोसते.

फळाची प्रत्येक अवस्था इथे खाल्ली जाते. कोवळ्या पाल्याची चटणी होते, हिरवे आकडे मिठाबरोबर चघळतात, आणि गाभुळलेल्या चिंचेवर तर मुलांचा जीवच असतो. चिंच पिकताना तिच्यातली साखर वाढते, पण टार्टारिक आम्ल फारसे घटत नाही. म्हणूनच पिकलेली चिंच गोड लागते तरी दात आंबवते. गरात हे आम्ल साधारण ८ ते १८ टक्के असते.

फाल्गुन-चैत्रात झाडे उतरवली की घरोघरी चिंच फोडण्याचे काम निघते. उन्हात वाळवून टरफल काढायचे, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे, मग मीठ लावून गोळे चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचे. मिठामुळे कीड-बुरशी लागत नाही. चिंच जुनी होईल तशी काळी पडते, त्यात बिघाड काही नाही. हे किचकट काम बहुतेक बायकाच करतात आणि त्याचे मोल नेहमीच कमी धरले जाते.

कोकणात आंबटपणासाठी आमसूल, तर खान्देशात वर्षभराची बेगमी चिंचेची. तुरीच्या वरणात चिंच-गूळ, पुरणाच्या स्वयंपाकात कटाच्या आमटीला चिंचेचा कोळ. मात्र खान्देशी चवीला सरसकट आंबट समजणे चुकीचे आहे: वांग्याच्या भरताला चिंच लागत नाही, आणि अंबाडीची भाजी मुळातच आंबट असते. उन्हाळ्यात चिंच-गुळाचे पन्हे करतात. कोळ काढून उरलेला चोथाही वाया जात नाही. मीठ लावून त्याने तांब्या-पितळेची भांडी आणि देव घासतात. आम्लाने धातूवरचा काळपट थर सुटतो. याच कारणाने चिंच बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नये.

शेंगेच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा चिंचोक्यांचा असतो. ते भाजून खातात. चिरलेल्या चिंचोक्यांचे फासे अष्टचंगाच्या पटावर पडतात. साल काढून दळलेल्या पिठाची पाण्यात शिजवून खळ होते. घोंगडीला ताठरपणा द्यायला आणि सुताला कांजी करायला ती उपयोगी पडते. कापूस पिकवणाऱ्या या मुलुखात चिंचोक्याची ही बाजू अधिक माहीत असायला हवी.

लाकूड जड व चिवट असल्याने तेलघाणी, मुसळ आणि खाटकाचा ठोकळा यांसाठी त्याला मागणी असते. बी लावून वाढवलेले झाड फळायला बरीच वर्षे घेते, त्यामुळे रस्ता रुंदीकरणात तुटलेल्या जुन्या चिंचेची भरपाई एका पावसाळ्याच्या वृक्षारोपणाने होत नाही.

विलायती चिंच, जिचा गुलाबी-पांढरा गर उन्हाळ्यात हातगाडीवर विकायला येतो, ती मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची निराळी जात आहे. गोरखचिंचही वेगळी, ती चिंचेप्रमाणे आफ्रिकेतून आली असली तरी तिचे कुल दुसरे आहे.